मोटारीची काच तिरकी होऊन का अडकते? आणि मागची पूर्ण खाली का जात नाही?

सांजवेळ (धागाकर्ती)

परवा नाशिकहून ठाण्याला येत होते. इगतपुरी सोडली आणि पाऊस लागला. ड्रायव्हरकडची काच वर घ्यायला बटण दाबलं, तर काच अर्ध्यापर्यंत आली, पुढच्या बाजूला कलली आणि तिथेच रुतून बसली. ना वर, ना खाली. कसारा घाट उजवी बाही पिळत उतरले.

गॅरेजवाला म्हणाला, "काचेची मशीन गेली, पूर्ण बदलू." आकडा ऐकून मी जरा विचार करते म्हटलं. पण धागा काढायचं खरं कारण वेगळंच आहे. मागच्या सीटवर सातवीतली भाची होती. तिने घाटभर तीन प्रश्न विचारून भंडावलं. मागच्या दाराची काच पूर्ण खाली का जात नाही? त्या काचेशेजारी कोपऱ्यात वेगळी तिकोनी काच कशाला? आणि काच बाहेरून फुगीर दिसते, तर ती दाराच्या एवढ्याशा फटीतून आत जाते कशी?

पहिल्याला मी "लहान मुलांनी बाहेर वाकू नये म्हणून" असं ठोकून दिलं. तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दहा-अकराचा पाना

ताई, मशीन बदलायच्या आधी दोन गोष्टी बघा. बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतो का? आणि दारातून कटकट असा आवाज येतो का? मोटर फिरतेय आणि काच पुढे कलतेय, तर नव्वद टक्के आत प्लॅस्टिकचा स्लायडर फुटलाय.

दारात मशीन दोन प्रकारची असते. जुन्या गाड्यांत कात्री, म्हणजे पत्र्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर फुली मारून आणि एकीला दाते असलेला पंख्यासारखा तुकडा. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत केबल: एक किंवा दोन उभ्या पट्ट्या, त्यावर स्लायडर, आणि मोटरच्या ड्रमवर गुंडाळलेली तार. तुमची केबलवाली असणार. काच दोन ठिकाणी धरलेली असते. एक पकड सुटली की काच एका खांद्यावर येते, मग कलणारच.

फुकटचा सल्ला

काच दोन मिलीमीटर घासून घ्या. सैल झाली की अडकणार नाही. (हलके घ्या.)

वर्तुळपाद

घासू नका! दाराची काच टफन्ड असते. सहाशे अंशांच्या वर तापवून, वाकवून, हवेच्या झोताने एकदम गार केलेली. एकदा ते झालं की तिला कापता, घासता, भोक पाडता येत नाही. कड दुखावली की सगळी काच बाजरीच्या दाण्यांसारखी खाली येते. म्हणून काचेचा आकार, भोकं, गोलाई सगळं भट्टीत जाण्याआधी ठरतं.

मी चाकणला दारांच्या डिझाइनमध्ये बरीच वर्षं काढली. भाचीचा तिसरा प्रश्न सगळ्यात भारी आहे, पहिल्या दोनांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. तिथून सुरू करतो.

घरात मडकं असेल तर घ्या, आणि तशाच फुटलेल्या मडक्याची एक खापर. खापर मडक्यावर तिच्या जागी ठेवा आणि सरकवा. मडक्याभोवती गोल फिरवली तर ती चिकटूनच राहते. वर-खाली सरकवली की लगेच उचकते, कारण पोटाची आणि गळ्याची गोलाई वेगळी. आता पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून अख्ख्या पाइपवर ठेवा. तो गोलही फिरतो, लांबीतही सरकतो, दोन्ही एकत्र केलं तर मळसूत्रासारखा तिरका जातो. चेंडूवर चेंडूची चकती कुठेही फिरते. सपाट पाटावर सपाट तुकडा, तेच. अंड्याच्या टरफलाचं काय होतं ते भाचीला करून बघू दे.

दाराची काच म्हणजे अशी खापर आहे. कमरेपाशी दाराला जी फट असते, तिच्या दोन्ही ओठांना रबर. काच वर-खाली होताना तिचा जो भाग त्या क्षणी फटीत आहे, तो बरोबर त्याच जागी, त्याच कोनात असायला हवा. म्हणजे काचेचा पृष्ठभाग स्वतःवरच सरकत गेला पाहिजे. हे जमतं अशा आकारांची यादी फार छोटी आहे: सपाट, नळकांडं (गोल, किंवा पन्हळी पत्र्यासारखं एका दिशेत सरळ असलेलंही), गोळा, चाकावर घडवलेल्या मडक्यासारखा फिरता आकार, आणि मळसूत्री आकार. संपलं. स्टायलिंगवाल्याने कितीही सुंदर रेघ ओढली तरी काच या यादीबाहेर गेली की ती खाली जाणार नाही.

जुनं ते सोनं

म्हणजे तलवार आणि म्यान! सरळ तलवार म्यानात जाते, एकसारख्या बाकाची जाते, नागमोडी जाणार नाही.

पागोळी

पण तलवारीचा बाक कुठे एकसारखा असतो? मुठीपाशी सरळ आणि टोकाकडे वाकडी अशाही पाहिल्यात, आणि त्या म्यानात बसतातच की.

वर्तुळपाद

दोघांचंही बरोबर. म्यान आतून जरा रुंद ठेवलं की बाकातला फरक त्या मोकळ्या जागेत खपतो. मोटारीत ती मोकळी जागा देणं परवडत नाही, कारण फटीतून पाणी आणि वारा येतो.

किती जागा लागली असती याचा हिशेब सोपा आहे. काचेची उभी गोलाई साधारण १२०० मिमी त्रिज्येची धरा आणि उंची ४५० मिमी. मधला फुगवटा म्हणजे उंचीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट: २०२५०० भागिले ९६००, साधारण २१ मिमी. ही काच सरळ रेषेत खाली सोडायची असती तर दाराच्या कमरेला काचेच्या जाडीवर आणखी २१ मिमी फट ठेवावी लागली असती. बोट आत जाईल. वर्तुळावरून सोडली तर फट काचेच्या जाडीएवढी, म्हणजे साडेतीन-चार मिमी, आणि दोन्हीकडचं रबर. म्हणून केबल मशीनची उभी पट्टीसुद्धा सरळ नसते, काचेच्याच गोलाईत वाकवलेली असते. तुमची मशीन बाहेर काढली की डोळ्यांनी दिसेल.

आणखी एक गंमत. त्या वर्तुळाचं केंद्र कुठे पडतं? तुमची काच गाडीच्या मध्यरेषेपासून पाऊण मीटरवर. तिथून आत १.२ मीटर मोजा. मध्यरेषा ओलांडून आणखी पंचेचाळीस सेंमी पलीकडे, म्हणजे शेजारच्या सीटवर. थोडक्यात, तुमची काच शेजारी बसलेल्या माणसाभोवती झुलणाऱ्या, न दिसणाऱ्या पाळण्याला बांधलेली आहे.

सांजवेळ

शेजारी माझी आई बसली होती. तिला सांगितलं, ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच अडकली म्हणायची."

मडकं घरात नव्हतं, कुंडीच्या तुकड्यावर प्रयोग झाला. कुंडी खाली निमुळती होत जाते, त्यामुळे तुकडा फक्त गोल फिरला. भाची खूश. पण तिचा पुढचा प्रश्न: गाडी पुढूनही निमुळती असते, वरून पाहिलं तर तिची कूसही गोल असते. मग काच नुसत्या पाइपचा तुकडा कशी चालेल?

वर्तुळपाद

ही मुलगी आमच्या डिझाइन रिव्ह्यूला हवी होती.

नुसता पाइप पूर्वी चालायचा. आता काच पिंपासारखी असते: उभी गोलाई १-२ मीटर त्रिज्येची, आडवी फार मोठ्या त्रिज्येची. म्हणजे मडकं आडवं पाडलेलं, त्याचा आस (ज्या रेघेभोवती ते फिरतं ती) गाडीच्या लांबीच्या दिशेने. पिंपावर खापर फक्त आसाभोवती फिरू शकते. आणि इथेच खरी अडचण सुरू होते.

पुढच्या दाराच्या काचेची मागची कड मधल्या खांबातल्या चॅनेलमधून, म्हणजे रबर लावलेल्या उभ्या खाचेतून, सरकते. पृष्ठभागासारखीच ही कडसुद्धा स्वतःवर सरकायला हवी. नुसतं फिरवलं तर प्रत्येक बिंदू आसाला काटकोनात असलेल्या वर्तुळावर फिरतो. पण मधला खांब बाजूने पाहिला तर सहसा थोडा मागे कललेला असतो. मग एक तर आस तेवढाच कलता करायचा, नाही तर फिरण्याबरोबर थोडं आसाच्या दिशेने सरकवायचं, म्हणजे मळसूत्र. पाइपवर मळसूत्र अचूक जमतं. पिंपावर काटेकोर जमत नाही, थोडी चूक उरते. ती चूक मिलीमीटरच्या आतबाहेर ठेवायची आणि बाकीचं रबराने पोटात घालायचं, यात आमचे आठवडे जायचे. संगणकावर आस इकडेतिकडे हलवत बसायचं आणि काचेचा मार्ग सगळ्यात कमी कुठे घासतो ते पाहायचं. बाहेरच्या रेघा ठरवणारे आणि आतली मशीन बसवणारे यांची भांडणं याच आसावरून होतात. त्यात दारात फक्त काच नसते. कुलूप आहे, स्पीकर आहे, बाजूने धडक बसली तर आधार देणारी लोखंडी पट्टी आहे, या सगळ्यांच्या मधून काचेला वाट काढायची असते.

आणि पुढची कड? समोरचा खांब तर पार आडवा झोपलेला असतो. ती वरची तिरकी कड चॅनेलला फक्त पूर्ण बंद झाल्यावर भेटते. प्रवासात काचेला धरून ठेवणाऱ्या दोनच गोष्टी: मागचं चॅनेल, आणि पुढे दाराच्या आत असलेला छोटा मार्गदर्शक. हे लक्षात ठेवा, अडकण्याचं उत्तर यातच आहे.

जुनं ते सोनं

आमच्या पद्मिनीत यातलं काहीच नव्हतं. सपाट काच, सरळ खाली. पुढे तिकोनी काच खिट्टी उघडून फिरवली की वारा थेट छातीवर. एसीची काय बिशाद.

अवांतर: मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३ साली नोंदलेली होती, वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात मी मुद्दाम एकीत बसून दादरपर्यंत गेलो. काच हँडलने वर केली. चार फेऱ्यांत.

वर्तुळपाद

पद्मिनीचा मूळ साचा पन्नाशीच्या दशकातल्या फियाट ११००चा, तेव्हा बाजूची काच सपाटच असायची. अमेरिकेत बाजूला गोल काच असलेली पहिली उत्पादनातली गाडी १९५७ची इम्पीरियल, क्रायस्लरची. काच गोल केल्याने वरचा भाग आत झुकवता आला, दार आतून पातळ ठेवून खांद्यापाशी जागा वाढवता आली. सपाट काच आत झुकवायची तर ती खाली जाताना तेवढ्याच तिरपेपणाने बाहेरच्या पत्र्याकडे जाते, मग दार जाडजूड करावं लागतं.

ज्यांना हे कोडं सोडवायचंच नव्हतं त्यांनी वेगळ्या वाटा काढल्या. १९५९च्या मिनी गाडीत तिचा रचनाकार इसिगोनिसने पुढे-मागे सरकणाऱ्या काचा दिल्या. दारात काच उतरणारच नाही, मग दार पोकळ ठेवून त्यात सामानाचा मोठा कप्पा. खाली जाणारी काच मिनीला १९६९मध्ये आली. डिलोरियन या गाडीचं उलटं. वर पंखासारखं उघडणारं दार, आत झुकलेली मोठी काच, आणि ती गिळायला खाली जागाच नाही. म्हणून मोठ्या बंद काचेत तिकीट खिडकीएवढी छोटी काच सरकते. रचना इटालियन डिझायनर ज्युजारोची. त्याच्याच सुबारू एसव्हीएक्समध्येही १९९१ला खिडकीत खिडकी आली. दिसायला देखणी, पण बाहेर हात काढून पैसे द्यायचे तर मनगटाची परीक्षा.

पागोळी

मागच्या दाराचं कोणी सांगेल का? मूळ प्रश्न तोच आहे. धागा इटलीला पोचला.

दहा-अकराचा पाना

मागचं दार उघडून बाजूने बघा. खालचा मागचा कोपरा गोल कापलेला असतो, तिथे चाकाची कमान येते. वर खिडकीपाशी दार लांब, खाली आखूड. लांब काच आखूड जागेत कशी उतरणार? म्हणून काचेचे दोन भाग करतात: पुढचा सरकणारा, मागची तिकोनी घट्ट बसवलेली, मधे उभा दांडा. एवढं करूनही कमान आडवी आली तर काच चार बोटं वर थांबते. लहान मुलांचा काही संबंध नाही.

वर्तुळपाद

बरोबर. फक्त भर घालतो: तो मधला दांडा शोभेचा नाही. सरकणाऱ्या काचेच्या पुढच्या आणि मागच्या कडा एकमेकींशी समांतर लागतात, नाही तर खाली जाताना काच एकीकडे सैल आणि दुसरीकडे घट्ट होईल. मागचा खांब फार तिरका असतो, त्याला समांतर जाणं शक्य नाही. म्हणून दांडा मधल्या खांबाला समांतर उभा करायचा आणि उरलेला त्रिकोण बंद काचेने भरायचा. तो त्रिकोण म्हणजे भूमितीने परत केलेली सुट्टी नाणी.

फुकटचा सल्ला

मग ताईंना सरळ मोठी मोटर बसवून द्या. ताकद वाढली की काच जाईलच वर.

वर्तुळपाद

नाही जाणार, आणि हे मजेशीर आहे. दुकानाचं शटर एका कोपऱ्याला धरून ओढून बघा. मधोमध ओढलं तर दोन बोटांनी जातं, टोकाला ओढलं तर पहिलवान आणला तरी अडकतं. लाकडी कपाटाचा रुंद खण एका मुठीने ओढला की तेच.

कारण असं. ओढण्याची जागा चॅनेलपासून दूर असली की काच फिरू पाहते. ती फिरू नये म्हणून चॅनेल तिला वरच्या टोकाला एकीकडून आणि खालच्या टोकाला दुसरीकडून दाबतं. जोर वाढवला की हा दाब वाढतो, दाब वाढला की घर्षण वाढतं, तेही त्याच प्रमाणात. म्हणून अडकणं जोरावर अवलंबूनच नाही. चॅनेलमध्ये धरलेल्या कडेची लांबी भागिले घर्षणांकाची दुप्पट, हे अंतर काढा. ओढण्याची जागा याहून दूर गेली की काच अडकते, मोटर कुठलीही असो.

वजन बाजूला ठेवून अंदाज बघा. कडेची लांबी ३५० मिमी. नवं मऊ लव असलेलं रबर, घर्षणांक ०.२ धरला तर मर्यादा ८७५ मिमी. काच तेवढी लांबच नसते, अडकायचा प्रश्न नाही. रबर वाळलं, धुळीने चिखलटलं, घर्षणांक ०.८ झाला तर मर्यादा साधारण २२० मिमी. दोन्ही पकडी शाबूत असतील तर पट्ट्याच काचेला सरळ धरतात, रबरावर भार येत नाही. एक पकड गेली की सगळी भिस्त रबरावर, आणि ते वाळलेलं. मोठी मोटर लावलीत तर तार तरी तुटेल, नाही तर उरलेली पकड.

दहा-अकराचा पाना

आमच्याकडे उद्यमनगरात याला एकच औषध: चॅनेल रबर साफ करा, सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, तेल तर अजिबात नको, धूळ धरतं आणि रबर फुगतं. काचेला काळी फिल्म असेल तर तिची सुटलेली कडही रबरात गुंतते.

फुकटचा सल्ला

फिल्मला तर सुप्रीम कोर्टानेच २०१२ला बंदी घातली ना?

पागोळी

फिल्मवर वेगळा धागा काढा. रत्नागिरीकडून एक सांगते: आमच्याकडे चार महिने दारात पाणी जातं. जातंच. कमरेचं रबर सगळं अडवत नाही, ते आत येऊन दाराच्या तळाच्या भोकांतून खाली जावं अशीच सोय असते. ती भोकं लाल मातीने बुजली की दार चालताना डबडब वाजतं आणि पट्ट्या गंजतात. पावसाळ्याआधी काडी घालून मोकळी करा. माझ्या नवऱ्याला वाटायचं भोकं म्हणजे कारखान्यातली चूक, त्याने एम-सीलने बंद केली होती.

जुनं ते सोनं

कात्रीबद्दल राहिलंच. माझ्या जुन्या गाडीत पॉवर विंडो नंतर बसवली, पण मशीन कात्रीचीच. काच मधे भरभर जाते आणि दोन्ही टोकांना मंदावते. मला वाटायचं बॅटरी उतरलीय.

वर्तुळपाद

बॅटरी नाही, त्रिकोणमिती. कात्रीचा हात ३०० मिमी धरा, खाली ४५ अंश ते वर ४५ अंश फिरतो. एकूण उचल साधारण ४२५ मिमी. हात आडवा असताना त्याचं टोक सरळ वर जातं, पूर्ण वेगाने. टोकांना ते तिरकं जातं, वरचा वेग सत्तर टक्केच उरतो आणि बाकीची हालचाल काचेच्या तळाच्या आडव्या खाचेत जाते. हाताने फिरवायच्या मशीनमध्ये पिनियनचे (हँडलच्या छोट्या दातेरी चाकाचे) ८ दाते आणि पंखा पूर्ण चकती असता तर १२८, म्हणजे सोळास एक. नव्वद अंशांसाठी हँडलच्या चार फेऱ्या. तुमच्या पद्मिनीचा नेमका हिशेब माझ्याकडे नाही, पण चार फेऱ्या आल्या त्या अशाच कुठल्या तरी गुणोत्तरातून.

वेग मंदावतो तिथे जोर वाढतो, त्याच मोटरवर टोकांना साधारण चाळीस टक्के जास्त. बोट सापडलं तर काच आपोआप मागे फिरणाऱ्या गाड्यांत याचा त्रास होतो. अमेरिकेचा आणि युरोपचा नियम सांगतो की ४ ते २०० मिमीच्या फटीत काहीही सापडलं तर दाब १०० न्यूटनच्या वर जाण्याआधी काच उलटी फिरायला हवी. म्हणजे साधारण दहा किलोचं वजन. केबलच्या ड्रमवर मोटरचा जोर आणि काचेचा जोर यांचं नातं वरपासून खालपर्यंत एकच राहतं, त्यामुळे ही नजर ठेवणं सोपं जातं.

दहा-अकराचा पाना

कात्री खोलणाऱ्यांना हात जोडून सांगतो. तिच्या बुंध्याशी घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते, काचेचं वजन तोलायला. काच सोडवली आणि मोटर काढली की तो दात्यांचा पंखा सणकन फिरतो. आधी पंख्याला आणि तळपत्र्याला भोक जुळवून बोल्ट घाला, मगच मोटर काढा. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर अजून वळ आहे.

सांजवेळ

अपडेट. रविवारी दुसऱ्या गॅरेजमध्ये दाराचं पॅड काढायला लावलं. पानादादांचं खरं निघालं: पुढच्या पट्टीवरचा प्लॅस्टिकचा स्लायडर मधोमध फुटलेला. मोटर, तार सगळं ठीक. नुसता स्लायडर मिळाला, बसवला, रबर पुसून सिलिकॉन मारलं. काच सरळ वर गेली. दाराच्या तळातून पेलाभर पाणी निघालं, पागोळीताई.

पट्टी खरंच वाकलेली होती. भाचीने तिथेच कंपासपेटी काढली. काच वर असताना आतून ३० सेंमीची फूटपट्टी उभी लावली, मधे फट ९ मिमी. उलटा हिशेब केला: ९०००० भागिले ७२, म्हणजे १२५० मिमी. मग पट्टी वर सरकवून, खाली सरकवून मोजलं, फट तीच. आडवी लावली तर जेमतेम एक मिमी. गॅरेजवाला काम सोडून बघत उभा होता. तो म्हणाला, वीस वर्षं काचा बसवतोय, पट्टी लावून कुणी मोजली नव्हती.

आता ती सोसायटीच्या पार्किंगमधल्या बाकीच्या गाड्या मोजणार आहे. वॉचमनला काय सांगायचं ते सुचवा.